तुमच्यातलं पिठलं, आमच्यातलं पिठलं

उज्ज्वला,

तुला निरोप देऊन आल्यावर तासाभरात मी तुझ्या घरी पिठलं-भाकरी घेऊन गेले, तर तुझ्या सासूबाईंनी दारातच पातेल्यावरचं झाकण उचललं. वास घेतला. म्हणाल्या, "खोबरं घातलं न्हाईस न्हवं?"

तुझा महेश बूट न काढता सोफ्यावर बसलेला, लेक ईरा खोलीचं दार लावून आत, भिंतीला टेकवलेल्या तुझ्या फोटोवरचा हार सारखा घसरत होता, आणि आक्कांना काळजी खोबऱ्याची. मला राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं. या घरात अजून माझ्याशी भांडणारं कुणीतरी आहे, असं वाटलं.

"नाही घातलं, आक्का. उज्ज्वलाच्या पद्धतीनं केलंय."

"बघू," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तुझ्या पद्धतीनं पिठलं. मी. ऐकते आहेस ना? जिवंत असतीस तर हे वाक्य माझ्याकडून लिहून घेऊन फ्रीजवर चिकटवलं असतंस.

आपली पहिली भेट तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत झाली होती. दोघी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून कायझर्सलाउटर्नला आलेल्या, एकाच इमारतीत, तू वर आणि मी खाली. मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून तू विचारलंस, "कुठल्या?" मी म्हटलं, वेंगुर्ल्याची. "म्हणजे मालवणी." मी म्हटलं, मालवण वेगळं, वेंगुर्लं वेगळं. "आम्हाला सोलापूरकरांना सगळं सारखंच. समुद्र आणि नारळ." मशीन फिरायचं थांबलं तरी आपण तिथेच उभ्या होतो. शेवटी खालच्या मजल्यावरची जर्मन आजी येऊन घड्याळ दाखवून गेली.

त्याच आठवड्यात तू जेवायला बोलावलंस. घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला तुम्ही पिठलं-भाकरी घालता, याचंच मला नवल वाटलं. पण वाढलंस ते झकास होतं, लसूण-मिरचीचं, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. मी मनापासून खाल्लं आणि मनापासूनच विचारलं, "आमसूल घालायचं राहिलं का?"

तू भाकरी खाली ठेवलीस. "पिठल्यात?"

"हो. थोडं आंबट हवंच की."

"आमच्यात पिठल्यात आंबट घालत नाहीत."

"आमच्यात घालतात."

झालं. एवढ्यावरून आपण ईरा पाळण्यात होती तेव्हापासून ती दहावीच्या वयाची झाली तोवर भांडलो. तुला खोबऱ्याचा राग, मला कुटाचा. "तुम्ही लोक नारळ नसला तर उपाशी मराल," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, "तुम्ही चहात कूट घालत नाही हेच आश्चर्य." माझी तांदळाची भाकरी तुला आजाऱ्याची वाटायची, तुझी कडक भाकरी मला छपराची कौलं वाटायची. मंडळाच्या गणपतीला आपल्या दोघींना शेजारी टेबलं द्यायची नाहीत असं ठरूनच गेलं होतं, कारण खाणाऱ्यांची पंचाईत व्हायची. आधी कुणाकडचं घेतलं यावर तुझं लक्ष असायचं. माझंही होतं, नाही कशाला म्हणू?

पण या सगळ्या भांडणाचं मूळ आमसूलच. बाकीचं नुसतं तोंडी लावणं होतं.

आणि तरी दर सुट्टीत मी वेंगुर्ल्याहून आले की दुसऱ्या दिवशी तू खाली यायचीस. इकडचं तिकडचं बोलून झालं की दारात थबकून, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून विचारायचीस, "आमसुलं आणलीस का गं?" सरबताला लागतात, म्हणायचीस. पित्ताला बरं, म्हणायचीस. मी दोन पुडे द्यायचे आणि वर तोंडसुख घ्यायचे की तुझ्या घरात एवढं पित्त कुणाला होतं, महेशला की तुला. तू पुडे काखेत मारून जिना चढायचीस. कधी एकदाही उत्तर दिलं नाहीस. तू, आणि उत्तर दिलं नाहीस! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पोरींच्या शाळेतला तो सोमरफेस्ट, उन्हाळ्यातला मेळा, आठवतो? प्रत्येकानं आपापल्या देशाचा पदार्थ आणायचा होता. आपल्या दोघींना मुद्दाम दूर बसवलेलं. आपल्या मधल्या टेबलांवर लुइझियानाच्या दोन बायका होत्या, जवळच्या अमेरिकी तळावर नवरे असलेल्या. दोघींनी गंबो केला होता, म्हणजे त्यांच्याकडचा भातावर घ्यायचा दाट रस्सा. एकीचा काळपट, दुसरीचा लालसर. थोड्याच वेळात दोघींचे आवाज चढले. काळपटवाली केजन, खेड्याकडची. तिचं म्हणणं, पीठ तेलात चॉकलेटच्या रंगाचं होईस्तोवर परतायचं, आणि टोमॅटोचा हात लावायचा नाही. लालसरवाली क्रिओल, शहरातली, बंदरावरची. तिच्या रश्श्यात टोमॅटो आणि कोळंबी. "टोमॅटो घातला की त्याला गंबो म्हणू नये," पहिली म्हणाली. दुसरी म्हणाली, "आमच्या घरात तुमच्या आधीपासून गंबो होतोय."

आपण दोघी आपापली टेबलं सोडून तिथे जाऊन उभ्या राहिलो. तुझे डोळे चमकत होते. तू त्या केजन बाईचा हात धरून तुझ्या इंग्रजीत सांगितलंस, "यू आर राइट. नो आंबट." आंबटला इंग्रजी शब्द त्या घाईत तुला सुचलाच नाही. मी लगेच दुसरीच्या बाजूला गेले. मग आपण चौघी भांडलो. ईरा लाजेनं लाल होऊन लांब उभी होती, आणि तिच्या शिक्षिकेनं येऊन विचारलं की सगळं ठीक आहे ना, काही मदत हवी का. आपण चौघींनी एकदम सांगितलं की सगळं उत्तम आहे.

घरी येताना बसमध्ये तू रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसलीस. मग म्हणालीस, "नीलू, त्या लालवालीचा रस्सा चांगला होता." मी म्हटलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काही नाही. चांगला असला म्हणून बरोबर होत नाही." हे मी अजून विसरले नाही. तुझा सगळा स्वभाव त्या वाक्यात होता.

मग तुझा आजार आला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला तेवढा मान नको. मला तुझा राग येतो उज्ज्वला, अजून येतो. एवढं अर्धवट टाकून जातात होय? केमोनं तुझ्या तोंडाची चव गेली, आणि तू ते कुणाला सांगितलं नाहीस. महेश शिजवायचा, तू "छान" म्हणायचीस. तू, जी मीठ चिमूटभर जास्त पडलं तर जिन्यातून हाक मारून सांगायची. मी तुझ्या त्या "छान"नं घाबरले. आक्का सोलापूरहून आल्या, तेव्हा त्यांनाही कळलं. त्या कोपऱ्यात घेऊन मला म्हणाल्या, "ती सगळ्याला छान म्हनतीय. हे काय खरं न्हाई."

शेवटच्या वेळी हॉस्पिटलमध्ये आले ती डब्यात कुळथाची पिठी घेऊन. पातळ, ऊन ऊन, आमसूल घातलेली. आमच्याकडे आजारातून उठणाऱ्याला हीच देतात. तू डब्यात डोकावून नाक मुरडलंस, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"ही आजाऱ्याला देतात," तू म्हणालीस.

"मग तू कोण आहेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही मान वळवली, तिला मराठीचं अक्षर कळत नसताना. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मी. तू चमचा उचललास. "मी सोलापूरची आहे," म्हणालीस, आणि पिठी तोंडात घेतलीस. खूप वेळ ती तोंडात घोळवलीस. मी वाट बघत होते, नावं ठेवशील म्हणून.

"आमसूल घातलंयस?"

"घातलंय."

"कळत नाही गं." चमचा खाली ठेवून तू खिडकीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "जरा बरं वाटू दे. मग तुला पिठल्याची एक गोष्ट सांगायची आहे."

"हार मान्य आहे, एवढंच सांग. बाकी गोष्टी नकोत."

तू हसलीस, हसता हसता खोकला आला, नर्स आली, तिनं मला बाहेर जायला सांगितलं. आपलं बोलणं ते एवढंच. नंतर तुला शुद्ध फारशी नव्हती. ती गोष्ट काय होती, याचा विचार मी त्या सबंध आठवड्यात केला. वाटलं, काहीतरी माहेरचं असेल. आजीची आठवण वगैरे. मरताना माणूस असंच काहीतरी सांगतो म्हणतात.

तू गेल्यावरचा आठवडा फार वाईट गेला. इथे दहनाची तारीख मिळायला दिवस जातात, हे आक्कांना पटेना. तुमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी सगळं उरकतं, मातीवरून आल्यावर शेजारी कडू घास आणतात, तो पोटात गेला की मग हळूहळू माणसं जेवायला लागतात. इथे अंत्यविधीचं बघणारा बेश्टाटर काळ्या कोटात येऊन महेशला सह्या करायला लावून गेला आणि तारीख कळवतो म्हणाला. आक्कांनी ठरवलं, अग्नी देईपर्यंत घरात चूल पेटणार नाही. चूल म्हणजे ती काचेची शेगडी. तिच्यावर त्यांनी टॉवेल अंथरून ठेवला. मी खालून वरण-भात पाठवत होते. महेश दोन घास खायचा, आक्का एक वेळ जेवायच्या. ईरा हात लावत नव्हती. कोरडा पाव कुरतडायची, पाणी प्यायची आणि दार लावून घ्यायची. तिला हाक मारली की आतून जर्मनमध्ये उत्तर यायचं, "भूक नाही." शेवटी शेवटी तेही येईना.

महेश एकदा जिन्यात भेटला. म्हणाला, "वहिनी, मला ईराची भीती वाटायला लागली आहे." दोरीवर ओले कपडे लोंबावेत तसे त्याचे खांदे लोंबलेले.

तारीख मिळाली तेव्हा आक्का खाली आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "कडू घास तूच आन. तिची जवळची तूच. पिठलं-भाकरीच कर. आन आमच्यातलं कर, तुमच्यातलं नको." मग दारातून वळून म्हणाल्या, "पोरगी त्यानं तरी खाईल. आईच्या हातचं वाटलं तर खाईल."

हे ओझं होतं बघ. नुसतं पिठलं नव्हतं. आईच्या हातचं वाटायला हवं होतं.

मला तुझं पिठलं पाठ आहे. का, ते तुला माहीत आहे. ते चुकीचं आहे हे सिद्ध करायला मी तुझ्या ओट्याशी उभी राहून प्रत्येक गोष्ट बघितली आहे. शेंगदाण्याचं तेल, तेही फोडणीला धुरावेपर्यंत तापवलेलं. मोहरी कमी, जिरं जास्त. लसूण ठेचलेला, चिरलेला नाही. पीठ पाण्यात कालवायचं नाही, उकळत्या पाण्यात वरून सोडायचं आणि गुठळ्या रवीनं मोडायच्या. मी तस्संच केलं. हात दोनदा डब्याकडे गेला, आमसुलाच्या, आणि दोनदा मागे घेतला. ज्वारीच्या भाकरीनं मात्र माझी फजिती केली. कडा फाटल्या, एक तव्यावरच मोडली. तू बघत असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी रडत रडत थापत होते आणि तुला शिव्या घालत होते.

तर, आक्कांनी वाट दिली आणि मी आत गेले. त्यांनीच ईराच्या दारावर थाप मारली. "बाई गं, एक घास खा. आईसाठी असतो." ईरा आली. गेल्या आठवड्यात तिच्या चेहऱ्याची हाडं वर आली आहेत. ती जमिनीवर बसली, महेश बसला, आक्का तुझ्या फोटोकडे तोंड करून बसल्या. आधी फोटोपुढे एक घास ठेवला. मग मी सगळ्यांना वाढलं. आक्कांनी खाल्लं, मान हलवली. महेशनं खाल्लं आणि डोळे मिटले. मी फक्त ईराच्या हाताकडे बघत होते. तिनं भाकरीचा बारीकसा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला.

आणि मान हलवली. "दास इस्ट निष्ट मामास." हे मामाचं नाही.

तुला ती मामा म्हणते, जर्मन पोरांसारखी. तू किती वेळा आई म्हणायला शिकवलंस.

सगळं केलं होतं मी, काहीही सोडलं नव्हतं. ईरा ताट तसंच घेऊन उठली. मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा दार लावून घेणार. पण ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिनं चहाच्या डब्यामागे हात घालून एक पुडा काढला. कपड्याचा चिमटा लावून बंद केलेला, वेंगुर्ल्याच्या दुकानाचा. माझा पुडा. त्यातलं एक आमसूल काढून तिनं ताटातल्या गरम पिठल्यात खुपसलं, वर वाटी पालथी घातली आणि ओट्याला टेकून थांबली. जसं रोजचंच काम असावं तसं.

"ईरा," मी म्हटलं, "मामा हे घालायची?"

"या. इमर." हो. नेहमी.

"मी जेवायला असताना नव्हती घालत कधी."

ईरानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. जी मुलगी मी मराठीत बोलले की जर्मनमध्ये उत्तर देते, ती मराठीत बोलली. तुझ्या आवाजात, तुझ्या हेलात, तुझ्यासारखीच भुवई उडवून.

"नीलूला सांगू नको, डोक्यावर बसंल."

तिनं वाटी उचलली, आमसूल बाजूला काढलं आणि उभ्या उभ्या खायला लागली. एक घास, दुसरा घास. मग भाकरी संपली आणि तिनं माझ्याकडे ताट पुढे केलं. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि तुझ्या झिंज्या उपटाव्या असं वाटत होतं. एवढी वर्षं, उज्ज्वला! सरबताला म्हणे. पित्ताला म्हणे. मी आले की आमसूल चहाच्या डब्यामागे, मी गेले की पिठल्यात. हीच होती ना ती गोष्ट? बरं वाटल्यावर सांगणार होतीस ती?

बाहेरून आक्कांचा आवाज आला. "काय झालं गं? काय म्हनती पोरगी? काय कमी पडलं पिठल्यात?"

ईरा खायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुडा ओट्यावर उघडा पडला होता.

कल्पना कर. सोलापूरची, तुझी सख्खी सासू, जिनं मला दारात खोबऱ्यावरून हटकलं, ती विचारते आहे. मी एक वाक्य बोलायची खोटी. आक्का, तुमची सून पिठल्यात आमचं आमसूल घालत होती. कितीतरी वर्षं हे वाक्य म्हणायची मी वाट बघितली होती, मंडळात, जिन्यात, हॉस्पिटलमध्ये. यापेक्षा चांगला ऐकणारा मला जन्मात मिळाला नसता.

मी पुड्याला चिमटा लावला आणि तो चहाच्या डब्यामागे ठेवला.

"मीठ, आक्का," मी बाहेर येऊन म्हटलं. "मीठ कमी पडलं माझ्याकडून."

"वाटलंच मला," आक्का म्हणाल्या. "तुम्हा कोकणातल्या बायकांचा मिठाला हात आखडताच. उज्ज्वलाचं कसं झनझनीत असायचं."

"हो," मी म्हटलं. "तिचं अस्सल सोलापुरी असायचं."

उलट उत्तर न देता मी त्या घरातून बाहेर पडले, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. ईरा दारापर्यंत आली. पुडा संपत आलाय, असं काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटली. मी म्हटलं, आणीन. रोज खाली येऊन जेवत जा, तुझ्या आईचंच पिठलं करीन, आपल्या दोघींत ठेवू. ती "ओके" म्हणाली. काल आली. आजही येणार आहे. पीठ काढून ठेवलं आहे.

तर मी जिंकले, उज्ज्वला. पिठल्यात आमसूल हवंच, हे तूच मान्य केलं होतंस, तेही तुझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, रोज. हे मला ओरडून सांगायचं आहे, आणि आक्कांना सांगता येत नाही, महेशला सांगवत नाही. म्हणून कालपासून जिन्यात आले की वर तुझ्या दाराकडे बघते. डोक्यावर बसेन म्हणाली होतीस ना? बसले असते गं, चांगली मांडी घालून बसले असते. आता कुणाच्या डोक्यावर बसू?